मुलांच्या हाडांत होणारा पू

वैशाखात पनवेलच्या घराघरांत आंबे येतात आणि त्याच सुमारास मुलांच्या अंगावर गळवे उठतात. दोष आंब्यावर जातो. आम्ही आंब्याचे वकीलपत्र घेतलेले नाही. परंतु गळू होते ते घामेजलेल्या, खाजवलेल्या कातडीतून आत शिरलेल्या जंतूमुळे. या जंतूचे नाव स्टॅफिलोकॉकस. हाच जंतू क्वचित रक्तात उतरतो आणि हाडात किंवा सांध्यात जाऊन बसतो. आमचा विषय तो आहे.

हाडातच का बसावा? मुलाचे हाड वाढते असते. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक चकती असते. हाडाची लांबी तिथे वाढते. तिला लागूनच बारीक रक्तवाहिन्या आकड्यासारख्या वळतात व रक्ताचा ओघ मंदावतो. आपल्या खाडीच्या वळणावर गाळ बसतो, तसे जंतू तेथे बसतात. कातडीतल्या गळवाला फुगायला वाव असतो. हाड ताणले जात नाही. आत पू दाबाखाली साठतो, हाडावरचे आवरण उचलतो, रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा तुकडा मरतो. तो आत राहिला म्हणजे वर्षानुवर्षे वाहणारा हाड्याव्रण मागे लागतो. खुब्याची तऱ्हा अधिक वाईट. मांडीच्या हाडाचा हा भाग तेथे सांध्याच्या पिशवीतच असल्यामुळे पू सरळ सांध्यात फुटतो, आणि काही दिवसांत कूर्चा झिजून सांधा कायमचा अधू होऊ शकतो.

आता नेहमीचा प्रसंग पाहा. मूल अंगणात पडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप चढतो, ते पाय टेकेनासे होते. आजी म्हणते, मुरगळला असेल. तेल लावून चोळतात, हाडवैद्याकडे नेतात. हाडवैद्यांची थट्टा आम्हांला मान्य नाही. कित्येकांची मोडलेली हाडे त्यांनी बसवली आहेत. पण नुसत्या मुरगळण्याने ताप चढत नाही. ताप आहे आणि मूल हात किंवा पाय हलवू देत नाही, असे दिसले की चोळणे बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तान्ह्या बाळाला तर ताप नसतोही; लंगोट बदलताना ते किंचाळते आणि एक पाय निपचित ठेवते, एवढीच खूण.

येथे एक फसगत होते. क्ष-किरणांचा फोटो काढला जातो, तो निर्दोष येतो आणि सारे निश्चिंत होतात. वस्तुतः हाडातला बदल फोटोत दिसायला सात ते चौदा दिवस लागतात. तोवर रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, एमआरआय व सुईने काढलेला पू यांवरूनच निदान करावे लागते. सांध्यात पू असेल तर तो तातडीने काढलाच पाहिजे. केवळ गोळ्यांवर भागत नाही.

प्रतिजैविके नव्हती तेव्हा या दुखण्यात दर पाचांपैकी एखादे मूल दगावे. पेनिसिलिनने हे चित्र पालटले. आपल्या पनवेलवरून पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावरच पिंपरी आहे. तेथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि 1955 मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. पण जंतूही स्वस्थ बसला नाही. आज बहुतेक स्टॅफिलोकॉकस साध्या पेनिसिलिनला दाद देत नाहीत, आणि काही तर त्यानंतरच्या औषधांनाही. म्हणून पुवाची तपासणी करून मगच औषध पक्के करतात. दुकानातून आणलेल्या दोन-चार गोळ्यांनी ताप तेवढा दबतो, निदान मात्र लांबते.

हाडांचा क्षय निराळा. तो आठवड्यांनी, महिन्यांनी सरकतो. सांधा हळूहळू सुजतो, किंवा पाठ दुखून कण्याला बाक येतो. त्याची औषधे वेगळी आणि अनेक महिन्यांची.

पुवाच्या आजारात औषध साधारण तीन-चार आठवडे चालते, पहिले काही दिवस शिरेतून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळू लागते, आणि नेमके तेव्हाच आईबाप घरी सोडा म्हणतात. कामावरची रजा, घरची दुसरी मुले, खर्च, हे सारे आम्ही जाणतो. तरी औषध पुरे करावे लागते. पुढेही काही वर्षे अधूनमधून दोन्ही पायांची लांबी मोजून घ्यावी. वाढीची चकती दुखावली असेल, तर तो पाय मागे पडल्याचे मूल उंच होऊ लागल्यावर ध्यानात येते.