चारशे छप्पन उमेदवार आणि त्यानंतर

लोकसभा म्हणजे दिल्लीची निवडणूक, तिच्याशी आपल्या गावाचा काय संबंध, असे पारावर सर्रास बोलले जाते. आम्हांस हे पटत नाही.

बेळगावातून १९८० पासून १९९१ पर्यंत काँग्रेसचे सिदनाळ सलग चार वेळा निवडून आले. पुढे १९९६ ला जनता दल, १९९८ ला भाजप आणि १९९९ ला पुन्हा काँग्रेस! कर्नाटकात जनता दलाला १९९६ मध्ये २८ पैकी १६ जागा मिळाल्या, देवेगौडा पंतप्रधान झाले. दोनच वर्षांत त्या १६ च्या ३ उरल्या. मतदार कोणाचा बांधील नाही, हे पक्षांना तेव्हा कळून चुकले.

त्याच १९९६ साली सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी आपली माणसे शेकड्यांनी उभी राहिली. उमेदवार झाले ४५६! नलगोंड्यात पाण्यासाठी ४८० उभे होते. दिल्लीने दखल घेतली ती अशी, की अनामत रक्कम ५०० वरून १०,००० केली आणि अपक्षाला दहा सूचक सक्तीचे केले. प्रश्न तसाच राहिला, दार मात्र अरुंद झाले. (आज ही रक्कम २५,००० आहे.)

मग २००४ पासून भाजपचे सुरेश अंगडी चार वेळा जिंकले. जागा पुन्हा गड झाली. २०१९ चे मताधिक्य साडेतीन लाखांहून अधिक होते. त्यांच्या निधनानंतर २०२१ च्या पोटनिवडणुकीत समितीचा एकच उमेदवार उभा राहिला, त्याला एक लाख सतरा हजारांवर मते पडली आणि विजयी पक्षाचे मताधिक्य ५,२४० वर आले. समितीची अनामत गेली, हे खरे. एक षष्ठांश मते झाली नाहीत. पण ४५६ नावांनी जे साधले नाही ते एका नावाने साधले: मराठी मत मोजता आले. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभांत समितीचा एकही आमदार आला नाही, यावरून मराठी मत संपले म्हणणाऱ्यांनी मधला हा आकडा पाहावा.

त्यातही खानापूरचे मत नव्हते. खानापूर उत्तर कन्नड मतदारसंघात मोजले जाते, निपाणी चिक्कोडीत. म्हणजे आपले मत तीन पेट्यांत विभागलेले. तिन्हीकडे उमेदवार द्यावा की एकाच ठिकाणी बळ लावावे, हा निर्णय अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री शहरात बसून होऊ नये. गावोगावच्या बैठकांत, वर्षभर आधी तो विचारला जावा, अशी मागणी आम्ही समितीत मांडली आहे.