टॉवरविना संदेशाची वाट : सातपुड्याच्या पायथ्याशी तदर्थ जाळ्यांची कसोटी

जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या तालुक्यांचा दक्षिण भाग तापीकाठच्या सपाट काळ्या जमिनीचा असून उत्तर भाग सातपुड्याच्या रांगांत शिरतो, त्यामुळे मोबाइल टॉवर मैदानात जेवढे क्षेत्र सहज व्यापतो तेवढे दऱ्यांतील पाड्यांमध्ये व्यापू शकत नाही. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस अतिवृष्टीने जळगाव जिल्ह्यातल्याच चाळीसगाव परिसरात तितूर व डोंगरी या नद्यांना पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. अशा आपत्तीत तर वीज, फायबर आणि टॉवर शाबूत राहतील असे गृहीत धरून मदतकार्य आखता येत नाही. अशा ठिकाणांसाठी आणि प्रसंगांसाठी संगणकशास्त्राने जी रचना सुचवली आहे, तिला फिरते तदर्थ बिनतारी जाळे म्हणतात. त्यात टॉवर नसतो व मध्यवर्ती नियंत्रकही नसतो. प्रत्येक यंत्र, म्हणजे नोड, स्वतःचा संदेश पाठवते आणि शेजाऱ्याचा संदेशही पुढे नेते, आणि अशा अनेक टप्प्यांनी तो दूरच्या नोडपर्यंत जातो.

या कल्पनेचा उगम १९७०च्या दशकात अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेने चालवलेल्या पॅकेट रेडिओ प्रकल्पात आहे, म्हणजे ती मोबाइल फोनच्या प्रसारापूर्वीची आहे. तरीही ती अवघड राहिली याचे मुख्य कारण मार्गनिर्धारण हे आहे, म्हणजे संदेशाने कोणत्या नोडांमधून जावे हे ठरवण्याची क्रिया. नेहमीच्या इंटरनेटवर मार्ग ठरवणारी यंत्रे जागेवर स्थिर असतात, त्यामुळे त्यांच्याजवळचे मार्गांचे कोष्टक बराच काळ खरे राहते. येथे मात्र मार्ग दाखवणारेच चालत असतात, आणि घाटातील एका वळणाआड जीप गेली की तिच्यावर अवलंबून असलेले सर्व मार्ग एकदम खोटे ठरतात.

खोट्या ठरलेल्या माहितीचा धोका ती अपुरी असण्यापेक्षा मोठा असतो. प्रत्येक नोड शेजाऱ्याकडून अंतरे ऐकून आपले कोष्टक भरतो, आणि शेजाऱ्याचे अंतर मुळात आपल्याच जुन्या माहितीवर आधारलेले आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तुटलेल्या मार्गाची वार्ता दोघांमध्ये फिरत राहते आणि पॅकेट, म्हणजे संदेशाचा तुकडा, त्याच वर्तुळात अडकतो. चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या डीएसडीव्ही या पद्धतीने यावर साधा पण मूलगामी उपाय काढला: ज्या नोडकडे जायचे आहे, तोच आपल्या माहितीला चढता क्रमांक देतो, आणि दोन मार्गांपैकी ज्याचा क्रमांक मोठा तो ताजा मानला जातो, मग तो लांबचा असला तरी चालतो. भागवत हे पुढे एअरटाइट नेटवर्क्स या बिनतारी सुरक्षेच्या कंपनीचे सहसंस्थापक झाले आणि तिचे अभियांत्रिकी काम मोठ्या प्रमाणावर पुण्यात चालले, याची नोंद मराठी वाचकाने ठेवण्याजोगी आहे.

ताजेपणाला मात्र किंमत पडते. सर्व मार्ग सतत अद्ययावत ठेवायचे तर जाळ्याची क्षमता व बॅटरी सूचनांमध्येच खर्ची पडते, आणि गरज पडेल तेव्हाच मार्ग शोधायचा तर पहिला संदेश खोळंबतो. जुलै २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली एओडीव्ही ही पद्धत दुसऱ्या प्रकारची आहे. तीत नोड चौकशी प्रसारित करतो, ती टप्प्याटप्प्याने पसरते आणि उत्तर उलट्या वाटेने परत येते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेली ओएलएसआर ही पहिल्या प्रकारची असून, सूचना पुढे पाठवण्याचे काम ती निवडक शेजाऱ्यांकडेच सोपवते, कारण सगळ्यांनीच प्रत्येक सूचनेचा पुनरुच्चार केला तर लहरी एकमेकींवर आदळतात आणि कोणालाच काही ऐकू येत नाही.

खानदेशच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न दुव्याच्या, म्हणजे दोन नोडांमधील थेट जोडणीच्या, गुणवत्तेचा आहे. एओडीव्ही सामान्यतः कमीत कमी टप्प्यांचा मार्ग पसंत करते, पण टप्पे कमी म्हणजे प्रत्येक टप्पा लांब आणि म्हणून बहुधा दुबळा. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत तर पाण्याने भरलेली रुंद पाने वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरी शोषतात व विखुरतात, त्यामुळे कागदावर दोन टप्प्यांत पोहोचणारा संदेश प्रत्यक्षात वारंवार हरवतो आणि बांधाबांधाने चार टप्प्यांत जाणारा सुखरूप पोहोचतो. यासाठी २००३ साली एमआयटीतील संशोधकांनी एक पॅकेट पोहोचवण्यास सरासरी किती वेळा पाठवावे लागेल, हे मोजून मार्ग निवडण्याचे माप सुचवले, आणि ते टप्प्यांच्या मोजणीपेक्षा निःसंशय अधिक प्रामाणिक आहे. दुवा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो हीदेखील अडचण आहे, कारण जीपवरील शक्तिशाली रेडिओ हातातल्या यंत्राला ऐकू येतो, पण हातातल्या यंत्राचे उत्तर जीपपर्यंत येत नाही. त्यातच एखादा नोड आपल्याकडे सर्वांत ताजा मार्ग असल्याचे खोटेच सांगून पॅकेट गिळू शकतो.

सातपुड्याच्या विरळ वस्तीत तर अनेकदा कोणताही पूर्ण मार्ग अस्तित्वातच नसतो, आणि तेथे या सर्व पद्धती निरुपयोगी ठरतात. तेथे विलंब सोसणारे जाळे हाच योग्य पर्याय आहे: नोडने संदेश जवळ ठेवावा, सोबत वाहून न्यावा आणि पुढचा नोड भेटल्यावर सोपवावा. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर येथे डाकनेट या प्रकल्पाने प्रवासी बसवर वायफाय यंत्र बसवून गावांची माहिती अशीच वाहून नेली होती, आणि पाड्यांकडे ठरावीक वेळी जाणारी एसटी हे काम निश्चित करू शकेल.

या विषयावरील संशोधनाचा मोठा भाग मात्र संगणकावरील अनुकरणातून आला आहे. त्यात नोड सपाट आयतात यदृच्छया ठिकाण आणि वेग निवडून फिरतात, आणि या प्रतिमानातील सरासरी वेग काळानुसार घसरत जाऊन निष्कर्ष फसवे ठरू शकतात, हे २००३ मध्येच दाखवले गेले आहे. खानदेशातील माणसे यदृच्छया फिरत नाहीत. ती आठवडे बाजाराला, घाटरस्त्याने, महामार्गाच्या कडेने जातात. म्हणून जळगाव व धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना स्वस्त रेडिओ संच देऊन केळीच्या बागांत आणि सातपुड्याच्या दऱ्यांत, पावसाळ्यात व मे महिन्याच्या उन्हातही, दुव्यांची मोजणी करायला लावावी आणि ती आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवावी.