कलाश्निकोव्ह रायफल : भरंवसा आणि नेम

जुन्या शस्त्रांच्या अभ्यासकांस अर्वाचीन रायफलीचा विचार अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ऐकीव गोष्ट आणि अस्सल साधन यांतील भेद जेथें तपासावयाचा असतो, तेथें संशोधकाचा अधिकार पोंचतोच. मिखाईल कलाश्निकोव्ह (१९१९–२०१३) यांच्या रायफलीविषयीं अशीच एक गोष्ट सर्वतोमुखीं झालेली आहे. तिचे भाग सैल बसविलेले असल्यामुळें ती अडत नाहीं, आणि त्याच सैलपणामुळें तिचा नेम लागत नाहीं, असें सांगण्यांत येतें. एकाच कारणाचीं हीं दोन कार्यें मानणें कितपत सयुक्तिक आहे, हें प्रत्यक्ष शस्त्र पुढें ठेवून पाहूं.

प्रथम भरंवशाचा विचार करूं. ही रायफल १९४९ सालीं सोव्हिएट सैन्यांत रुजूं झाली. बार उडाला म्हणजे दारूच्या वायूचा कांहीं अंश नळीच्या छिद्रांतून वर येऊन दट्ट्यास मागें रेटतो. दट्ट्या आणि बोल्ट वाहून नेणारा ठोकळा हे एकत्र जोडलेले व जड असून वायूही गरजेहून अधिक घेतलेला आहे. म्हणून काजळी किंवा धूळ यांस न जुमानतां ठोकळा आपला फेरा पुरा करतो. हलत्या भागांभोंवतीं मोकळी जागा ठेविली आहे, हें खरें. परंतु काडतूस निमुळतें असल्यामुळें तें कोठींत सहज शिरतें व सहज सुटतें. पेटीचा बांकही त्यामुळेंच आला. शिवाय कोठीस व नळीस आंतून क्रोमचा मुलामा असल्यानें गंज सहसा धरत नाहीं. या दोन गोष्टींचा सैलपणाशीं कांहीं संबंध नाहीं.

आतां नेमाकडे वळूं. गोळी नळींतून बाहेर पडेपर्यंत बोल्ट आपल्या दोन कानांनीं जखडलेलाच असतो. तेव्हां नेमाच्या उणेपणाचीं मुख्य कारणें अन्यत्र शोधलीं पाहिजेत. मागील खाच बरीच पुढें असल्यामुळें ती व माशी यांमधील अंतर अवघें ३७८ मिलिमीटर भरतें. डोळ्याची अल्प चूक दूरवर मोठी होते. गोळीचा वेग सेकंदास सुमारें ७१५ मीटर असल्यानें तिचा मार्ग लवकर खालीं वळतो. लागोपाठ बार काढतांना जड ठोकळ्याच्या हिसक्यानें बंदूक हलते. चार गोळ्या १०० मीटरांवर १५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळांत बसल्या, म्हणजे रायफल ठीक, असा सोव्हिएट नियम होता. थोड्या शिक्षणावर रणांत उतरणाऱ्या शिपायास जवळच्या लढाईंत जेवढें लागे, तेवढेंच मागितलें गेलें होतें.

दोन्ही गुणांचें मूळ एकच असतें, तर एक सुधारतांना दुसरा गमवावा लागता. तसें घडलें नाहीं. फिनलंडनें १९६२ च्या आपल्या रायफलींत तीच रचना राखून खाच मागें, झांकणावर नेली. दृष्टिरेषा लांबली आणि नेम सुधारला. सोव्हिएट सैन्यानें १९७४ सालीं ५.४५ मिलिमीटरचें लहान काडतूस घेतलें. गोळीचा वेग सुमारें ९०० मीटर झाला, आणि छातीएवढ्या लक्ष्यावर खाच न बदलतां मारा करण्याचें अंतर ३५० मीटरांवरून ४४० मीटरांपर्यंत वाढलें. यंत्रणा मूळचीच राहिली.

उलट बाजूचा पुरावा व्हिएटनामचा आहे. तेथें अमेरिकन एम-१६ रायफली अडूं लागल्या, तेव्हां नेमकी रायफल नाजूकच असावयाची, असें लोक म्हणूं लागले. अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीनें १९६७ सालीं चौकशी केली, तींत काडतुसांतील दारू बदलल्याचा प्रकार ठळकपणें पुढें आला. कोठीस क्रोमचा मुलामा नव्हता व सफाईचें साहित्यही पुरेसें पोंचलें नव्हतें. हीं वैगुण्यें दूर होतांच तीच यंत्रणा भरंवशाची ठरली. परंतु तोंपर्यंत अडलेली रायफल हातीं असतांच कित्येक शिपाई प्राणांस मुकले होते.

तात्पर्य, शस्त्राच्या गुणदोषांत कारागिराइतकाच तें मागणाऱ्याचा आणि त्यास दारूगोळा पुरविणाऱ्याचा हात असतो. जुन्या कागदांत एखादी बंदूक उत्तम किंवा निरुपयोगी म्हटलेली आढळल्यास, ती कोणत्या कामासाठीं, कोणाच्या हातीं व कोणत्या दारूवर चालली, हें आधीं विचारावें. एरव्हीं पुरवठ्याचा अपराध लोहाराच्या माथीं मारल्याचा दोष आपल्याकडे येईल.