पालखीच्या वाटेवरची चिंचोली

ज्येष्ठ वद्य अष्टमीला देहूजवळच्या चिंचोलीत चुली अंधार असतानाच पेटतात. आदल्या दिवशी देहूतून तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान झालेलं असतं. इनामदारवाड्यातला मुक्काम आटोपून पालखी निघते, अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी पहिली अभंग-आरती होते आणि झेंडेमळ्यावरून ती चिंचोलीच्या पादुकांशी येऊन विसावते. इथे पुन्हा आरती होते. मग निगडी, आणि संध्याकाळी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये हा सोहळा सुरू केला, तेव्हापासून ही वाट वारकऱ्यांच्या पायाखालची आहे.

गावाच्या वाट्याला येतो तो थोडा वेळ, पण त्यासाठीची लगबग बघण्यासारखी असते. सडा पडलेला, रस्त्यावर रांगोळ्या, ओट्यांवर पाण्याचे हंडे. कुणी केळी वाटतं, कुणी राजगिऱ्याचे लाडू, कुणी पोह्यांची कढई उतरवून चहाचं पातेलं चढवतं. डोक्यावर तुळस घेतलेली एखादी आजी टेकली की घरातली सून तिच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देते, मग विचारते, “माउली, कुठल्या गावच्या?” उत्तर परभणीकडचं येवो की बुलढाण्याकडचं, पुढचं वाक्य ठरलेलं, “चार घास खाऊन मगच पुढं जा.” माझ्या मते चिंचोली समजून घ्यायची तर या ओट्यावर बसावं. इथला पाहुणचार पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेला आहे. घराघरांत कामं वाटलेली असतात आणि त्यासाठी बैठकीचीही गरज पडत नाही.

मावळात असं मिळून करणं नवं नाही. भातलावणीला सावड चालायची. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्यात तुम्ही.

दान देण्याची या भागातली रीत वारीहूनही जुनी आहे. देहूरोडजवळच शेलारवाडीच्या डोंगरात, घोरावडेश्वराला, बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट इथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या बायकोने, सियागुतनिकेने, मुलगा नंद याच्यासह लेणं दान दिल्याची नोंद आहे. राजा नाही, श्रेष्ठी नाही, शेतकऱ्याच्या घरची बाई. पुढे तिथे महादेवाची स्थापना झाली. आता महाशिवरात्रीला पंचक्रोशीतली गावं तो डोंगर चढतात.

देहूरोड हे गाव त्यामानाने कालचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराचा डेपो आला. डेपोतल्या कामासाठी महाराष्ट्राबरोबर दक्षिणेतूनही माणसं आली आणि स्टेशनभोवती बाजारपेठ वाढली. याच कामगारवस्तीत 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा जवळजवळ दोन वर्षं अवकाश होता. दरवर्षी त्या दिवशी बुद्धविहाराकडे लोटणारी गर्दी आणि आषाढी वारीची गर्दी एकाच गावच्या रस्त्यांवरून जाते. हा योग मला फार मोलाचा वाटतो.

चिंचोली, किन्हई, झेंडेमळा, शेलारवाडी, मामुर्डी ही गावं देहूरोडच्या लष्करी छावणीच्या हद्दीत आली. त्यामुळे इथे ग्रामपंचायत नाही, सरपंच नाही. कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाचा. त्याचा अध्यक्ष लष्करी अधिकारी, आणि वॉर्डातून निवडून गेलेले सदस्य ही गावाची बाजू असायची. त्या सदस्यांची मुदत वाढवून वाढवून 2021 मध्ये संपली. 30 एप्रिल 2023 साठी जाहीर झालेली निवडणूकही रद्द झाली. गटाराच्या तक्रारीसाठीसुद्धा आपला माणूस नाही, ही गावकऱ्यांची तक्रार रास्त आहे.

त्यात रेड झोन. दारूगोळ्याच्या डेपोभोवती 2000 यार्डांपर्यंत बांधकामाला बंदी. स्फोटकांपासून वस्ती दूर हवी हे कुणीही मान्य करील. पण गाव डेपोच्या आधीपासून आहे, आणि भाऊ वेगळे झाले की दुसरी चूल मांडायला खोली लागतेच. तळवडे, चाकणचे कारखाने इतके जवळ असताना इथल्या शेतकऱ्याच्या जमिनीला ना बाजारभाव, ना घर बांधायची परवानगी. बाहेरच्याला जी हिरवी मोकळीक दिसते, तिची किंमत या घरांनी मोजली आहे. ते ध्यानात न घेता “किती छान गावपण टिकलंय” म्हणणं मला पटत नाही.

आता देशभर छावण्यांतला नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडायचं धोरण आहे. देहूरोडच्या बाबतीत पिंपरी-चिंचवडचं नाव घेतलं जातं. पाणी, रस्ते, मतदानाचा हक्क मिळेल म्हणून अनेकांना ते हवंय आणि त्यांना हवं असेल तर ते व्हावं. मात्र विकास आराखड्यावर रेघा ओढण्याआधी कुणीतरी अष्टमीच्या सकाळी चिंचोलीत येऊन उभं राहावं, दिंड्या किती जागा घेतात ते पाहावं आणि पादुकांभोवतीची तेवढी जागा नकाशात आधी राखून ठेवावी.