तलवारीची लेक

अमरकोशांत सुरीला जीं नांवें दिलीं आहेत त्यांत 'असिपुत्री' हें एक आहे. असि म्हणजे तलवार. तिची लेक ती असिपुत्री. संस्कृतच्या तासाला हा शब्द आला कीं मी खिशांतला चाकू काढून मुलांपुढें धरीत असें, आणि मग तो कोणास पाठ करावा लागत नसे. 'चाकू' हा नित्याचा शब्द मात्र फारसींतून आलेला. त्याच वाटेनें 'कलमतराश', म्हणजे लेखणी तासण्याचा चाकू, हाहि आला. तेव्हां मास्तराच्या खिशांत चाकू असणें हें परंपरेला धरूनच आहे, असें मी घरीं नेहमीं सांगतों. मंडळींना तें पटत नाहीं, ही गोष्ट निराळी.

माझ्याजवळ आज तीन चाकू आहेत. पहिला आजोबांचा, शेफील्डच्या रॉजर्सचा, सांबरशिंगी मुठीचा. तारा आणि क्रूस ही त्याची खूण पात्यावर अजून बोटाला लागते. आजोबा त्यानें बोरू तासीत. प्रथम बोरू निमुळता करावयाचा, टोंकाला मधोमध बारीक चीर पाडावयाची, आणि मग कठीण लांकडावर ठेवून टोंक एकाच घावांत तिरकें छाटावयाचें. पातें बोथट असेल तर टोंक चिरडतें आणि पुढें सारा कित्ता फाटका उमटतो. मला अक्षराआधीं धारेचें शिक्षण मिळालें तें असें.

मिटत्या चाकूची खरी करामत त्याच्या पाठींत असते. मुठींत पोलादाची कमान बसविलेली असते आणि पात्याची टांच तिला दाबून फिरते. म्हणून उघडतांना पातें प्रथम अडतें, जरा ओढ घेतें, आणि मग 'टक्' असा आवाज करून जागेवर बसतें. हा आवाज ऐकावा आणि चाकू घ्यावा. मुठीची नक्षी पाहूं नये. आजोबांच्या चाकूचा आवाज तीन पिढ्यांनंतरहि तसाच आहे. पातें मात्र घासून घासून निम्में उरलें आहे. तें साध्या पोलादाचें. कच्चें केळें कापलें कीं काळें पडतें, आणि तेलाचा हात फिरविला नाहीं तर गंजतें. न गंजणारें पोलाद शेफील्ड येथेंच हॅरी ब्रिअर्ली यांनीं 1913 सालीं तयार केलें, तेव्हांपासून ही निगा लोक विसरले.

दुसरा चाकू स्विस, लाल मुठीचा, जांवईबापूंनीं दिलेला. कार्ल एल्सनर यांनीं 1891 सालीं आपल्या देशाच्या सैन्याला चाकू पुरविले आणि 1897 सालीं अधिकाऱ्यांसाठीं निराळा, हलका नमुना काढला. त्याचाच हा वंशज. कात्री, पेचकस, दांतकोरणें, सारें कांहीं आहे. नातवाला तोच आवडतो. मला त्यांत संसार अधिक आणि चाकू कमी वाटतो. रामपुरीचें नांव मात्र आमच्या घरांत काढतां येत नाहीं. चित्रपटांनीं त्याची अब्रू घालविली. पण 2023 सालीं रामपूरकरांनीं भर चौकांत वीस फुटांचा चाकू उभारून आपला अभिमान दाखविला, याचें मला कौतुक वाटलें.

तिसरा चाकू माझा नव्हे.

1988 सालीं मी वसईच्या पश्चिमेकडील एका शाळेंत सातवीला शिकवीत होतों. एका मुलाच्या खिशांत चाकू सांपडला. लांकडी मूठ, पितळी रिबिटी, बोटभर पातें. म्हणाला, "गुरुजी, सकाळीं वाडींत केळीचीं पानें कापून येतों. घरीं ठेवायचा राहिला." तो खरें बोलत होता हें मला दिसत होतें. परंतु सारा वर्ग पाहत होता. मीं चाकू घेतला आणि सांगितलें, "वडिलांना घेऊन ये, मग मिळेल." वडील आले नाहींत. ते पहांटे भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईच्या गाडीला जात, हें मला मागाहून कळलें. वर्षअखेरीस मुलानें शाळा सोडली. ती चाकूमुळें सोडली असें मी म्हणत नाहीं. पण त्यानें तो पुन्हा मागितला नाहीं, आणि मीहि बोलावून दिला नाहीं. 2018 सालीं निवृत्त होतांना टेबलाचा खण रिकामा केला, तेव्हां तो चिठ्ठीसकट हातीं आला.

दरवर्षीं खंडेनवमीस तिन्ही चाकू पाटावर मांडतों. गेल्या वर्षीं नातवानें विचारलें, "आजोबा, हा कोणाचा?" सांगितलें. तो म्हणाला, "मग देऊन या ना!" आम्ही दोघे गेलों. वाडीच्या जागीं चार मजल्यांची इमारत आहे आणि बावखल बुजलें आहे. नाक्यावरच्या एका वृद्ध बाईंनीं सांगितलें कीं तीं माणसें आगाशीकडे राहावयास गेलीं.

येत्या रविवारीं आगाशीस जावयाचें ठरलें आहे. नातवानें कमानींत तेलाचा थेंब सोडून पातें दोनदां उघडमीट करून पाहिलें; आवाज येतो. चिठ्ठी अजून तशीच बांधलेली आहे. तिच्यावर त्या मुलाचें नांव आणि हजेरीचा क्रमांक, 31, माझ्याच अक्षरांत आहे.