चष्मा उतरवण्याआधी मायक्रॉनचा हिशेब

लग्न ठरलं, नाहीतर लोकलच्या गर्दीत पुन्हा चष्मा मोडला, की घरात विषय निघतो, ‘लेसर करून टाक एकदाचं.’ डोळे दाखवायला आसपासच्या गावांतली माणसं पनवेल गाठतात, हे काही आजचं नाही. इथलं लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट त्यांच्या चांगलं ओळखीचं. पण ऑपरेशन काही मिनिटांत उरकतं म्हणून ते किरकोळ समजू नये. खरी कसोटी आधीच्या तपासणीत असते.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, साधारण ५४० मायक्रॉन. उणे नंबर घालवायचा तर तो मध्यभागी किंचित सपाट करावा लागतो. सहा मिलिमीटरच्या वर्तुळात एका नंबरामागे सुमारे १२ मायक्रॉन जातात. उणे ५ ला ६०. लॅसिक या लेसर ऑपरेशनमध्ये आधी कॉर्नियाचा वरचा पापुद्रा उचलतात, तो ११० च्या आसपास. खाली उरले ३७०. किमान २५० तरी राहिलेच पाहिजेत. बरेच सर्जन ३०० च्या खाली जात नाहीत. आता कॉर्निया ४८० आणि नंबर उणे १० धरा. बरोबर २५० उरतात! असा डोळा शहाणा डॉक्टर लेसरखाली घेणार नाही.

जाडीइतकाच आकारही महत्त्वाचा. कॉर्निया शंकूसारखा पुढे येऊ लागला असेल, तर लेसरने तो आणखी कमकुवत होतो. त्यासाठी टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाचा नकाशा. कॉन्टॅक्ट लेन्सने आकार तात्पुरता बदलतो, म्हणून मऊ लेन्सही आठवडा-दोन आठवडे आधी बंद. वय अठराच्या पुढे हवं आणि नंबर वर्षभर स्थिर.

ऑपरेशनच्या दिवशी अत्तर, डिओ लावून जायचं नाही. त्याची वाफ लेसरच्या कामात अडथळा आणते. इंजेक्शन नाही, फक्त थेंबांनी डोळा बधिर करतात. पापण्या चिमट्याने उघड्या राहतात. पापुद्रा कापताना डोळ्यावर दाब येतो आणि काही सेकंद अंधारून येतं. घाबरू नका, समोरच्या दिव्याकडे बघत राहा. मग टकटक आवाज आणि केस जळाल्यासारखा वास. जळत मात्र काहीच नसतं. १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण पेशीजालातले रासायनिक बंध तोडतात, आजूबाजूला उष्णता जवळजवळ पोचत नाही. रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांना हे १९८१ मध्ये दिसलं, तेही सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या कूर्चेवर.

घरी जाताना सोबत कुणीतरी हवंच. चार-सहा तास डोळे चुरचुरतात, पाणी येतं. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना स्वच्छ दिसतं; थेंब मात्र नेमाने घालायचे. डोळे चोळायचे नाहीत, काही दिवस डोक्यावरून आंघोळ नाही, तळ्यात-तलावात पोहणं तर नाहीच. कोरडेपणा काही महिने टिकू शकतो. रात्री दिव्यांभोवती वलयंही दिसतात. पनवेलजवळच्या कळंबोलीच्या रस्त्यावर समोरून ट्रक येतात तेव्हा ती चांगलीच जाणवतील. आणि चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतो, तो या लेसरने टळत नाही.

पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना एवढं विचारा: माझा कॉर्निया किती मायक्रॉन आहे, आणि ऑपरेशननंतर पापुद्र्याखाली किती उरेल? आकडा सांगायला कुणी टाळाटाळ केली, तर सरळ दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.