गूळ, सैंधव आणि पथ्याची सनद

मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे निदान कानी पडून गृहस्थ घरी परतला म्हणजे पुढील आठवड्यात त्याच्या स्वयंपाकघरात जी उलथापालथ घडते, तिच्यात आहाराचा विचार थोडा आणि बदल्या-बढत्यांचा प्रकार अधिक असतो. साखरेचा डबा बडतर्फ होऊन माळ्यावर जातो, त्याच्या जागी गुळाची ढेप रुजू होते, समुद्राच्या मिठाकडून अधिकार काढून ते सैंधवाला दिले जातात, भाताला ताटबंदी होते आणि एवढा बंदोबस्त झाल्यावर घरातील मंडळी अशा समाधानाने जेवावयास बसतात की जणू दुखण्याची फिर्याद निकालात निघून दप्तरदाखल झाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार मधुमेहाचे रुग्ण या देशात १० कोटींहून अधिक आहेत. तेव्हा या बंदोबस्तातील कोणता भाग शास्त्राला धरून आहे आणि कोणता निव्वळ ऐकीव, याची छाननी अगत्याची ठरते.

गुळाचीच गोष्ट प्रथम घेऊ. साखर अपथ्यकर आणि गूळ मात्र औषधी, ही समजूत इतकी दृढमूल आहे की तिच्याविषयी शंका काढणारा मनुष्य अडाणी समजला जातो. वस्तुतः दोन्हींचा जन्म एकाच उसाच्या रसातून होतो, गुळाचा ७० ते ८५ टक्के भाग तीच साखर असते, आणि १०० ग्रॅम साखरेतून सुमारे ४०० उष्मांक मिळत असतील तर तेवढ्याच गुळातून ते ३८०च्या आसपास मिळतात. गुळात लोह आणि इतर क्षार थोडेफार उरलेले असतात हे खरे, परंतु ते पुरेसे मिळावेत एवढा गूळ जो मधुमेही खाईल त्याला लोहाची चिंता करण्यास फुरसतच राहणार नाही. आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त अव्वल कारकून चहात साखर घेत नाहीत, आणि ही गोष्ट शेजारच्या बिऱ्हाडालाही कळावी अशा आवाजात सांगतात. त्यांच्या पेल्यात पडणारा गुळाचा खडा त्यांच्या हिशेबी पत्नीने एकदा काट्यावर ठेवून पाहिला, तो चांगला पंधरा ग्रॅम भरला. ‘अहो, पूर्वीची दोन चमचे साखर याहून हलकी होती,’ असे त्या माउली म्हणाल्या. ‘गूळ बाधत नाही,’ एवढे उत्तर देऊन कारकूनसाहेबांनी पेला तोंडाला लावला. मधाची हकीकत याहून फारशी वेगळी नाही. पथ्याच्या यादीत एखाद्या पदार्थाचे नाव चढले की तो हवा तितका खाण्याची सनदच मिळाली असे आपण मानतो, आणि माझ्या मते आहाराविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ या एका सनदेत आहे.

भाकरीच्या बाबतीतही हेच घडते. ज्वारी तांदळापेक्षा सरस आहे यात वाद नाही, कारण तिच्यात तंतुमय भाग १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम असतो, तर सडलेल्या तांदळात तो ३ ग्रॅमच्या आत-बाहेर. परंतु कर्बोदके तांदळात ७८ ग्रॅम असली तर ज्वारीतही ती ७०च्या घरात असतात, आणि भात बंद केल्याच्या आनंदात जो तीन भाकऱ्या कुस्करून खातो त्याच्या रक्तातील शर्करेला हा आनंद मुळीच समजत नाही. त्यापेक्षा एका भाकरीवर थांबून उसळीची आणि पालेभाजीची वाटी मोठी करावी. कोशिंबीर व उसळ आधी खाऊन भाकरी वा भात मागाहून घेतला असता जेवणानंतरची शर्करा कमी चढते, असे प्रयोगांत आढळले आहे. पानाच्या डाव्या बाजूस बोटभर वाढल्या जाणाऱ्या कोशिंबिरीला एवढी बढती द्यावयास कोणाची हरकत नसावी. आणि शतपावली ही म्हाताऱ्यांची खोड समजून जी तरुण मंडळी जेवणानंतर थेट आडवी होतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की जेवणानंतरचे दहा-पंधरा मिनिटांचे चालणे शर्करा उतरविण्यास खरोखरच उपयोगी पडते, कारण चालणारे स्नायू ती रक्तातून उचलतात.

उपवासाने पोटाला आणि प्रकृतीला विसावा मिळतो, या श्रद्धेपायी एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचे जे डोंगर उभे राहतात त्यांच्याविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. टॅपिओकाच्या कंदापासून काढलेला, बहुतांशी तामिळनाडूतील सेलमच्या परिसरातून आपल्याकडे येणारा हा पदार्थ जवळजवळ शुद्ध पिष्ट होय. त्याच्या १०० ग्रॅममध्ये कर्बोदके सुमारे ८७ ग्रॅम, प्रथिने मात्र एक ग्रॅमसुद्धा नाहीत, आणि त्यात बटाट्याच्या फोडी घातल्या की पिष्टाला पिष्टाचीच जोड मिळते. दाण्याचा कूट तेवढा त्या खिचडीची अब्रू राखतो. याच्या उलट, निर्जळी उपास करून इन्सुलिन किंवा शर्करा उतरविणाऱ्या काही गोळ्या नेहमीच्या प्रमाणात घेणे हे तर उघड संकटाला आमंत्रण आहे, कारण शर्करा एकाएकी उतरून घाम फुटणे, हात थरथरणे आणि प्रसंगी शुद्ध हरपणे हे सर्व तासा-दोन तासांत घडू शकते. उपास करावयाचाच असेल तर औषधाची तजवीज डॉक्टरांना विचारून आधी लावून घ्यावी.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी, अशी आहे, आणि हा हिशेब भाजी-आमटीतच जवळपास पुरा होतो. रक्तदाबाच्या रोग्याने मीठ भाजून खाल्ले तर चालते, हा आपल्याकडील एक जुना समज; परंतु मिठाचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस असल्यामुळे घरच्या तव्यावर त्यातील ओलावा तेवढा उडतो, सोडियम जागच्या जागी राहते. सैंधवही नव्वद टक्क्यांहून पुष्कळ अधिक सोडियम क्लोराइडच आहे. भरीला त्यात आयोडीन घातलेले नसते, आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू करून शासनाने ज्या आयोडीनयुक्त मिठाचा प्रसार केला त्याचा लाभ आपण पदरचे पैसे देऊन गमावतो. पानात वरून मीठ घेत नाही असे अभिमानाने सांगणाऱ्यांच्या पानात लोणच्याची फोड, खारी मिरची आणि भाजलेला पापड असतोच, आणि पापडात मिठाखेरीज जो पापडखार पडतो तोही सोडियमचाच क्षार असतो. बाजारात कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ पुष्कळांना उपयोगी आहे; मात्र त्यात पोटॅशियम असल्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते विचारल्यावाचून घेऊ नये. नारळपाण्यालाही त्यांच्यापुरती हीच ताकीद लागू आहे.

‘मी सडपातळ, मला कसला मधुमेह?’ या युक्तिवादाला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मार्मिक उत्तर देऊन ठेवले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपले आणि आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसण्यात कृश आणि आतून मेदयुक्त अशी आपली घडण असल्यामुळे वजनकाट्याची साक्ष एकटी ग्राह्य धरता येत नाही, पोटाचा घेरही मोजावा लागतो. सुश्रुतानेही सहज आणि अपथ्यजन्य असे प्रमेहाचे दोन भेद सांगून पहिल्याचा रोगी कृश असतो असे नमूद केलेले आहे, तेव्हा सडपातळांना अभय कोणत्याच शास्त्राने दिलेले दिसत नाही.

रक्तक्षयासाठी बीट, ही कल्पना केवळ रंगावरून निघाली असावी. बिटात १०० ग्रॅमला लोह एक मिलिग्रॅमच्या आतच असते. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, त्यांच्या कामी बिटापेक्षा उसळीवर पिळलेले लिंबू अधिक येईल, कारण क जीवनसत्त्वामुळे धान्य-कडधान्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणाला लागूनच घेतलेला चहा नेमके याच्या उलट करतो.

कारले, मेथी, जांभूळ यांचे रस पिऊन गोळ्या परस्पर बंद करणाऱ्यांना एवढीच विनंती की ते पदार्थ भाजीत आणि पानात खुशाल असू द्यावेत, गोळीचा निर्णय मात्र गोळी लिहून देणाऱ्याकडेच राहू द्यावा. त्याच्याकडे जाताना तीन दिवसांच्या खाण्याची टाचण वाट्या, चमचे आणि भाकऱ्यांच्या मापाने लिहून न्यावी, आणि तीत गुळाचा खडा व लोणच्याची फोड वगळू नये. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांपुरते कडक पथ्य पाळण्याची जी युक्ती सर्रास चालते तिचाही उपयोग नाही. एचबीएवनसी ही रक्ताची चाचणी मागील दोन ते तीन महिन्यांच्या शर्करेचा हिशेब देते, आणि तो दोन दिवसांच्या उपासाने बदलत नाही.